पगार, पाऽगो आणि पागोऽ : जोर कुठे द्यायचा?

आम्ही बचत गटाच्या बायका पुन्हा तुमच्या भेटीला आलो आहोत. मागच्या वेळी पापडांच्या पॅकिंगबद्दल बोललो होतो, त्याआधी बँकेच्या कागदपत्रांबद्दल. आजचा विषय ऐकून निम्म्या जणी रेडिओ बंद करतील, अशी भीती आमच्यातल्या एका काकूंनी घातली आहे. विषय आहे स्पॅनिश भाषेतली क्रियापदं. त्यांचे तुकडे कसे पाडायचे आणि कुठल्या तुकड्यावर जोर द्यायचा. पण बंद करू नका. यात कर्ज आहे, हप्ता आहे, आणि झिम्मासुद्धा आहे.

आधी हे आमच्या गटात आलं कसं ते सांगतो. आमच्या एका ताईंची मुलगी बी.कॉम. झाली आणि पुण्यात स्पॅनिशच्या वर्गाला जायला लागली. फी भरायला ताईंनी गटातून २०,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. त्या दिवशीची बैठक लांबली. एक काकू म्हणाल्या, "शेळी घेतली तर शेळी दिसते. शिलाई मशीन घेतलं तर मशीन दिसतं. भाषा कुठं दिसते?" शेवटी कर्ज मंजूर झालं, पण मनातून आम्ही सगळ्या जरा धास्तावलेल्याच होतो.

वर्षभराने मुलगी एका नोकरीच्या तोंडी चाचणीला गेली. काम असं, की परदेशातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या ग्राहकांचे बिलाबद्दलचे फोन घ्यायचे. चाचणीत तिला सांगायचं होतं, "त्यांनी बिल भरलं." ती म्हणाली, "मी बिल भरते." शब्द तोच होता, फक्त जोर चुकीच्या जागी पडला. समोरच्या बाईंनी तिला तीनदा विचारलं, "कोण भरतं? तुम्ही की ग्राहक?" तिसऱ्यांदा ती गडबडली आणि चाचणी तिथेच संपली.

पोरगी घरी आली, वह्या कपाटात टाकल्या, वर्गाला जाणं बंद केलं. ताईंचे दोन हप्ते थकले. गटात कुणी बोललं नाही, पण वहीतली ती रिकामी चौकट सगळ्यांना दिसत होती. तिसऱ्या महिन्यात आम्ही पोरीला बैठकीला बोलावलं आणि म्हटलं, "रागावायला नाही बोलावलं. चुकलं कुठं ते आम्हाला समजेल असं सांग." तिने सांगितलं. आम्हाला जे समजलं, ते आज तुम्हाला सांगतो.

अंकात वाचणाऱ्या मैत्रिणींसाठी एक सूचना. ज्या तुकड्यावर जोर आहे, तिथे आम्ही ऽ अशी खूण छापायला सांगितली आहे. म्हणजे पाऽ-गो म्हटलं की जोर 'पा'वर, आणि पा-गोऽ म्हटलं की जोर 'गो'वर.

पहिला शब्द ऐका : पागार. ओळखीचा वाटतो ना? स्पॅनिशमध्ये पागार म्हणजे पैसे देणं, भरणं. आपला 'पगार' हा त्याच कुळातला. तो आला पोर्तुगीजांकडून. चावी, साबण, बटाटा ज्या वाटेने मराठीत आले, त्याच वाटेने पगारही आला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, दोघींकडेही हे क्रियापद आहे. तेव्हा मैत्रिणींनो, स्पॅनिशचा एक शब्द तुम्ही दर महिन्याच्या १ तारखेला बोलतच असता.

आता गंमत बघा. पाऽ-गो म्हणजे 'मी भरते'. पा-गोऽ म्हणजे 'तिने भरले'. लिहिताना दुसऱ्या शब्दातल्या शेवटच्या स्वरावर एक छोटी तिरकी रेघ येते. तिला ते तिल्दे म्हणतात. ही रेघ नसली किंवा जोर हलला, की माणूस बदलतो आणि काळही बदलतो. आपल्या हिशोबाच्या वहीत 'मी भरते' आणि 'तिने भरले' यात किती फरक आहे, हे कुठल्याही गटाच्या सचिवाला विचारा.

आपल्याला हे चटकन ऐकू का येत नाही? कारण मराठीत नुसता जोर हलवला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपण ऱ्हस्व-दीर्घ ऐकतो. 'दिन' आणि 'दीन' वेगळे, हे आपल्याला शाळेतच शिकवलेलं असतं. पण एकाच शब्दात आधी जोर की नंतर जोर, हे ऐकायची सवय आपल्या कानांना नाही. पोरीचं नेमकं तेच झालं होतं. तिला नियम पाठ होते, कान तयार नव्हता.

मग आम्ही टाळ्यांवर आलो. झिम्मा खेळताना टाळी कधी हलकी, कधी जोरात पडते. तसंच करायचं. शब्दाचे जितके तुकडे, तितक्या टाळ्या, आणि त्यातली एकच जोरात. पाऽ-गो : जोरात, हळू. पा-गोऽ : हळू, जोरात. पा-गाऽर : हळू, जोरात. करून बघा. हातात लाटणं असेल तर पोळपाटावर वाजवा.

आता तुकडे पाडायचे कसे? इथे लिहिलेल्या अक्षरांवर जाऊ नका, तोंडावर जा. आपल्या 'बचतगट' या शब्दात लिहिताना पाच अक्षरं आहेत, पण बोलताना टाळ्या तीनच : ब-चत-गट. स्पॅनिशमध्येही तोंडाचाच हिशोब.

पहिला नियम. दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या तुकड्यात जातं. पा-गो, पा-गा-बा.

दुसरा नियम. दोन व्यंजनं असतील तर वाटणी होते, एक मागे राहतं, एक पुढे जातं. फिर-मो, म्हणजे 'मी सही करते'. वेन-दो, म्हणजे 'मी विकते'.

तिसरा नियम. काही जोड्या फुटत नाहीत. दुसरं व्यंजन र किंवा ल असलेल्या ब्ल, ब्र, प्ल, प्र, त्र, द्र, क्र अशा जोड्या एकत्रच पुढे जातात. म्हणून आ-ब्लो, 'मी बोलते'. कोम-प्रो, 'मी विकत घेते'. इथे म मागे राहिला आणि प्र एकत्र पुढे गेला. लिहिताना दोनदा येणारा र हाही एकच धरतात. आ-ओऽ-र्रो, 'मी बचत करते', टाळ्या तीन. आमचा सगळ्यात आवडता शब्द हाच.

चौथा नियम स्वरांचा, आणि तो आमच्या काकूंनी सगळ्यात लवकर पकडला. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच. त्यातल्या आ, ए, ओ या मोठ्या जावा, आणि इ, उ या धाकट्या. दोन मोठ्या जावा शेजारी आल्या तर एका चुलीवर त्यांचं जमत नाही. तुकडे दोन होतात : लेऽ-ओ, 'मी वाचते', टाळ्या दोन. धाकटी मात्र मोठीबरोबर निमूट राहते, दोघींचा तुकडा एकच : वेन-द्योऽ, 'तिने विकले', टाळ्या दोन. पण धाकटीवरच जोर आला आणि तिच्या डोक्यावर रेघ चढली, की तीही वेगळी चूल मांडते : वेन-दीऽ-आ, 'ती विकायची', टाळ्या तीन. 'तिने विकले' आणि 'ती विकायची' यातला फरक आपल्याला वेगळा सांगायला नको. एकदा आठवडी बाजारात भाजी विकणं वेगळं, आणि दर आठवड्याला विकणं वेगळं.

तुकडे झाले. आता जोर. याचा मूळ नियम दोन ओळींत मावतो. शब्द स्वराने, 'न'ने किंवा 'स'ने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. शाळेत आपण याला उपांत्य म्हणत होतो, आठवतं ना? बाकी कुठल्याही व्यंजनाने संपत असेल तर जोर शेवटच्या तुकड्यावर. जो शब्द हा नियम मोडतो, त्याच्या डोक्यावर तिल्दे द्यायची. म्हणजे रेघ दिसली की समजायचं, जोर इथे.

आमच्यातली एक म्हणाली, "सगळी व्यंजनं सोडून न आणि स यांचेच लाड का?" प्रश्न चांगला होता. उत्तर क्रियापदातच आहे. पाऽ-गा म्हणजे 'ती भरते', पाऽ-गास म्हणजे 'तू भरतेस', पाऽ-गान म्हणजे 'त्या भरतात'. कर्ता बदलला म्हणून शेवटी स किंवा न चिकटला, पण जोर जागचा हलला नाही. न आणि स यांना सवलत दिली नसती, तर अशा प्रत्येक शब्दावर रेघ मारत बसावं लागलं असतं. मूळ क्रियापदं मात्र सगळी 'र'ने संपतात, म्हणून त्यांचा जोर शेवटी : आ-ब्लाऽर, को-मेऽर, बि-बिऽर. बोलणं, जेवणं, जगणं.

आता पागारचे काळ ऐका आणि टाळ्या द्या. पा-गेऽ, 'मी भरले'. पा-गोऽ, 'तिने भरले'. पा-गा-रेऽ, 'मी भरीन'. पा-गा-राऽ, 'ती भरेल'. भविष्यकाळात जवळजवळ सगळीकडे शेवटची टाळी जोरात. आणि हा पागारे शब्द तर मजेदार आहे. स्पॅनिशमध्ये प्रॉमिसरी नोट, म्हणजे आपण कर्ज घेताना सही करतो ती वचनचिठ्ठी, तिचं नावच पागारे आहे. 'मी भरीन.' चिठ्ठीचं नाव हेच वचन.

जोर एक घर मागे सरकला तर काय होतं? पा-गा-राऽ म्हणजे 'ती भरेल'. पा-गाऽ-रा म्हणजे 'तिने भरले असते तर' किंवा 'तिने भरावे' अशा वाक्यात येणारं रूप. एक पक्कं, एक जर-तरचं. कर्जवसुलीला निघालेल्या बाईला या दोन्हींतला फरक चांगलाच कळतो. तसंच पाऽ-गे म्हणजे समोरच्याला आदराने 'भरा', आणि पा-गेऽ म्हणजे 'मी भरले'. 'मी भरले' सांगायला गेलात आणि जोर चुकला, तर समोरच्यालाच भरायला सांगून बसाल.

एक रूप मात्र आमच्यासाठीच केल्यासारखं आहे. पा-गाऽ-मोस. याचा अर्थ 'आम्ही भरतो' आणि 'आम्ही भरले', दोन्ही. जोर तोच, अक्षरं तीच, काळ संदर्भावरून ओळखायचा. काकू म्हणाल्या, "गटाचं असंच असतं. भरलं काय आणि भरतो काय, आमचं चालूच."

आता तीन टाळ्यांचा नाही, तीन अर्थांचा शब्द. दे-पोऽ-सि-तो म्हणजे ठेव, डिपॉझिट. दे-पो-सिऽ-तो म्हणजे 'मी ठेव ठेवते'. दे-पो-सि-तोऽ म्हणजे 'तिने ठेव ठेवली'. अक्षरं तीच, टाळ्या चार, फक्त जोरातली टाळी एकेक घर पुढे सरकते. पहिल्यात जोर शेवटून तिसऱ्या तुकड्यावर आहे. जोर इतका मागे असेल तर रेघ द्यावीच लागते, त्याला सूट नाही. मधल्याला रेघ नाही, कारण तो नियमात बसतो. शेवटचा नियम मोडतो, म्हणून त्याला रेघ. आमच्या गटात या तीन शब्दांची स्पर्धा लागली होती. जिंकली ती सातवीतली नात.

जोर हलला की कधी कधी शब्दाचा चेहराही बदलतो. कोन-ताऽर म्हणजे मोजणं, आणि सांगणंही. क्वेऽन-तो, 'मी मोजते'. क्वेऽन-ता, 'ती मोजते'. क्वेऽन-तान, 'त्या मोजतात'. पण 'आम्ही मोजतो' म्हणजे कोन-ताऽ-मोस. इथे 'क्वे'चा पुन्हा 'को' झाला. कारण जोर मुळावरून उतरून पुढे गेला. मुळावर जोर असेपर्यंत स्वर फुगतो, जोर उतरला की मूळपदावर येतो. आपल्याकडे कारण वेगळं, पण असंच काहीसं होतं. 'मूल' लिहिताना मू दीर्घ, 'मुलाला' लिहिताना ऱ्हस्व. 'बहीण' पण 'बहिणीला'. शब्द लांबला की मागचा स्वर आखडतो. पोरीला आम्ही हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वर्गात हा तक्ता आठ दिवस पाठ करत होते."

दोन ठिकाणी सावध राहायला हवं. 'पागोऽ'ची सवय लागली की प्रत्येक भूतकाळात शेवटी जोर द्यावासा वाटतो. पण काही नेहमीची क्रियापदं वेगळी चालतात. तुऽ-वो, 'तिच्याकडे होतं'. दिऽ-खो, 'ती म्हणाली'. यांचा जोर पहिल्यावरच, रेघ नाही. दुसरं म्हणजे सर्वनामं क्रियापदाच्या शेवटी चिकटतात. दिऽ-गा म्हणजे 'सांगा'. दीऽ-गा-मे म्हणजे 'मला सांगा'. स्पेनमध्ये फोन उचलल्यावर 'हॅलो'च्या जागी असं म्हणतात. टाळ्या दोनाच्या तीन झाल्या, पण जोर होता तिथेच राहिला, म्हणून आता रेघ द्यावी लागली. जोर हलू नये म्हणून रेघ येते, असंही होतं.

पोरीकडे जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेलं एक व्याकरण होतं. त्यात 'फुए', 'द्यो', 'व्यो' अशा एका टाळीच्या शब्दांवरही रेघ होती, आणि वर्गातल्या पुस्तकात नव्हती. त्यानेही ती गोंधळली होती. चूक कुणाचीच नव्हती. माद्रिदमध्ये १७१३ साली स्थापन झालेली स्पॅनिश अकादमी आहे. तिच्या १९५९च्या नियमांनी या शब्दांवरची रेघ काढून टाकली. एकाच टाळीच्या शब्दात जोर कुठे जाणार? २०१०च्या शुद्धलेखन ग्रंथातही अशाच आणखी काही शब्दांवरची रेघ गेली. भाषाही आपल्या घटनेत दुरुस्ती करत असते, गटासारखीच.

आणि देश बदलला तर? अर्जेंटिनात 'तू भरतेस' हे पा-गाऽस असं शेवटी जोर देऊन म्हणतात, तर स्पेनमध्ये पाऽ-गास. 'तू मोजतेस' हे स्पेनमध्ये क्वेऽन-तास, अर्जेंटिनात कोन-ताऽस. बघा, तिथे जोर मुळावर नाही, म्हणून 'क्वे' झालाच नाही. नियम कळला की दूरच्या देशातली बोलीही परकी वाटत नाही.

मैत्रिणींनो, आम्हाला स्पॅनिश येत नाही. कुणी विचारलं तर आम्ही शंभरेक शब्दांवर गाडी थांबवू. पण सहा आठवडे बैठकीनंतर अर्धा तास आम्ही त्या पोरीसमोर बसलो. ती शब्द म्हणायची, आम्ही डोळे मिटून ऐकायचो आणि जोर जिथे ऐकू येईल तिथे जोरात टाळी द्यायचो. तिने चुकीचा जोर दिला तर टाळी चुकीच्या जागी पडायची आणि तिला स्वतःलाच कळायचं. आम्हाला अर्थ माहीत नव्हता, म्हणून आम्ही फक्त आवाज ऐकत होतो. तिच्या कामी आलं ते हेच. आता ती पुन्हा वर्गाला जाते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या ठिकाणी चाचणी आहे. होईल की नाही, आम्हाला माहीत नाही. काकू अजूनही म्हणतात, शेळी बरी होती. पण टाळी वाजवायला सगळ्यांत पुढे त्याच असतात.

तुमच्या घरातही कुणी नवी भाषा शिकत असेल, इंग्रजी असो की आणखी कुठली, तर आपल्याला ती येत नाही म्हणून उठून जाऊ नका. समोर बसा आणि ऐका. ऐकणारं माणूस मिळणं ही शिकणाऱ्याची अर्धी फी आहे.

मागच्या बैठकीत ताईंनी थकलेल्यापैकी एक हप्ता आणून ठेवला. पोरीनेच त्यांना शिकवलं असावं. पैसे पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "पागेऽ." मी भरले. सचिवाने वहीतल्या चौकटीत आकडा लिहिला आणि आम्ही सगळ्या एकदम म्हणालो, "पागोऽ." तिने भरले.

पहिली टाळी हळू, दुसरी जोरात. नमस्कार.